पांढऱ्या शिंतोड्यांची वेल घरात वाढवताना

ताईने मला मार्बल क्वीनची, म्हणजे पांढऱ्या शिंतोड्यांच्या मनीप्लांटची, फांदी दिली ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. तीन पानं आणि सगळ्यात खालच्या पेराशी (पान खोडाला जिथे जुळतं त्या गाठीशी) करंगळीच्या नखाएवढं तपकिरी मूळ, एवढंच. पण त्या पानांवर पांढऱ्या रंगाचे असे शिंतोडे होते की कितीतरी वेळ मी ती उजेडात धरून बघत बसले. त्याला आता नऊ वर्षं झाली. माझ्या कामाच्या टेबलाशेजारी खांबावर चढते आहे ती तीच वेल. या काळात ती एकदा जवळजवळ पूर्ण हिरवी झाली आणि एकदा मुळं कुजून मरायला टेकली. दोन्ही वेळा चूक माझी होती आणि दोन्ही वेळा त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ मला कळलेला नव्हता. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पानाचा हिरवा भाग अन्न तयार करतो, कारण तिथे हरितद्रव्य असतं. पांढऱ्या भागात ते नसल्यातच जमा. तो भाग काही कमावत नाही, पण त्याला पोसावं मात्र लागतं. अर्धं पांढरं पान म्हणजे चार माणसांच्या घरात दोघेच कमावते. साधा हिरवा मनीप्लांट आणि ही वेल एकाच जातीची, तरी तेवढ्याच वाढीसाठी हिला उजेड जास्त लागतो. वाढ हळू होते, आणि वाढ हळू म्हणून पाणी आणि खत कमी लागतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. नाजूक दिसते म्हणून कोपऱ्यात सावलीला ठेवतात आणि लाडाने रोज पाणी घालतात. मीही तेच केलं होतं.

मार्बल क्वीन हा मनीप्लांटचाच, म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियमचा, एक वाण. ही जात मूळची दक्षिण पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरची. तिला फुलं जवळपास येतच नाहीत. याचं कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडलं गेलं: फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक या वनस्पतीला पुरेसं बनवताच येत नाही. फुलांवाचून तिचा वनस्पतिशास्त्रातला नेमका वंश ठरवणंही अवघड गेलं. १८८० मध्ये तिची नोंद पोथॉस म्हणून झाली, आजचं नाव मिळालं १९६४ मध्ये, आणि लोक अजूनही पोथॉसच म्हणतात. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की फूल नाही म्हणजे बीही नाही. घरोघरची प्रत्येक वेल ही दुसऱ्या कुठल्यातरी वेलीची फांदी आहे. त्यामुळे पुढची वेल कशी दिसेल हे आपण कात्री कुठे लावतो त्यावर ठरतं. त्याकडे पुढे येते.

आधी उजेड. पहिल्या वर्षी माझी कुंडी पुस्तकांच्या कपाटावर होती, खिडकीपासून साडेतीन मीटर आत. खोली मला लख्ख वाटायची. आपला डोळा यात हमखास फसतो, कारण उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि फरक जाणवत नाही. वेलीला मात्र तो जाणवत होता. नवी पानं लहान येऊ लागली, दोन पेरांमधलं अंतर दोन बोटांवरून वीतभर झालं, आणि दर पानागणिक पांढरा रंग कमी होत गेला. शेवटी मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. कपाटावर भर दुपारी १८० लक्स. खिडकीपासून एक मीटरवर २,८००. काचेजवळ, थेट ऊन नसताना, ९,०००. मोबाइलचे आकडे तंतोतंत नसतात, पण कपाट आणि खिडकी यांच्यात पन्नासपट फरक आहे हे कळायला तेवढे पुरे होते. बाहेर भर उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास जातो.

ॲप नको असेल तर सावली बघा. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा सुरीसारख्या स्पष्ट असतील तर तिथे थेट ऊन आहे. बोटं ओळखू येतात पण कडा मऊ आहेत, ही जागा उत्तम. हात आहे की नाही तेच कळत नसेल तर तिथे ही वेल जगेल, पण पांढरी राहणार नाही.

थेट उन्हाचा धोका पांढऱ्या भागालाच आधी. तो कागदासारखा करपतो आणि ते डाग पुन्हा भरून येत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं, दुपारचं नको. पातळ पडदा पुरतो. अंधाऱ्या जागेतून खिडकीशी आणायची असेल तर एका दिवसात आणू नका. दर तीन-चार दिवसांनी थोडी पुढे सरकवत पंधरा दिवस घ्या. पानांना उजेडाची सवय व्हावी लागते. खिडकीच नसेल तर पांढऱ्या उजेडाचा एलईडी ग्रो लाइट पानांच्या वर ३० ते ४० सेंटीमीटरवर टांगा आणि टायमर लावून रोज बारा तास चालू ठेवा. रात्रभर चालू ठेवून जास्त फायदा होत नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली: जुनं पान बदलत नाही. उलगडल्यावर त्याचा पांढरा-हिरवा नकाशा जवळपास ठरून जातो. त्यामुळे जागा बदलल्यावर निकाल दिसतो तो पुढच्या तीन-चार पानांत, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी. तेवढा धीर धरा. दर आठवड्याला कुंडी इकडून तिकडे हलवली तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

आता पाणी, कारण वेली सगळ्यात जास्त मरतात त्या इथे. मी एकदा दहा दिवस बाहेर जाणार होते. जायच्या आधी भरपूर पाणी घातलं आणि कुंडी तिच्या सुंदर चिनीमातीच्या बाहेरच्या कुंडीत ठेवून गेले. त्या बाहेरच्या कुंडीला भोक नव्हतं. परत आले तेव्हा तळाशी तीन बोटं पाणी साचलेलं, खालची पाच पानं पिवळी, वेल मलूल आणि मातीला नाल्यासारखा वास. मलूल दिसली म्हणून तहानलेली समजून मी आणखी पाणी घालणार होते. बरं झालं, आधी माती चाचपून पाहिली. मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यामुळे पाण्यात उभी असलेली वेल तहानलेल्या वेलीसारखीच मान टाकते. ओली माती आणि मलूल पानं एकत्र दिसली की पाणी घालू नका, कुंडी रिकामी करून मुळं बघा.

मी तेच केलं. माती धुऊन काढली. चांगलं मूळ टणक आणि फिकट असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात येते आणि मागे दोरा राहतो. असं प्रत्येक मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापलं. चौथा हिस्सा मुळं उरली. म्हणून कुंडीही लहान घेतली. उरलेल्या मुळांना मोठ्या कुंडीतली ओल शोषता येत नाही आणि पुन्हा तेच होतं. वरची चार चांगली शेंड्यांची छाटं पाण्यात ठेवली, वेल वाचली नाही तर ती असावीत म्हणून. सहा आठवडे काहीच घडलं नाही. मग एक कोंब निघाला. त्या दिवसाची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे चारेक सेंटीमीटर, घालून बघायचं. तिथपर्यंत कोरडं असेल तरच पाणी, आणि घालायचं तर तळाच्या भोकातून वाहेपर्यंत. निथळून झाल्यावरच कुंडी परत बाहेरच्या कुंडीत. वार ठरवून पाणी घालू नका. माझ्याकडे कडक उन्हाच्या दिवसांत पाच दिवसांनी लागतं, थंडीत कधी पंधरा दिवसांनी. काही दिवसांनी कुंडी उचलली की वजनावरूनच कळायला लागतं.

मातीचं मिश्रण हलकं हवं. मी दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), एक भाग झाडाच्या सालीचे तुकडे आणि अर्धा भाग गांडूळखत घेते. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात बरेचदा क्षार असतात. नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच रुंद. दोन वर्षांनी एकदा, मुळं तळातून डोकावू लागली की कुंडी बदलते, त्याआधी नाही.

कधी सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसेल. तो रोग नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पान टोकातून बाहेर टाकतं. रोजच दिसत असेल तर माती फार ओली आहे एवढं समजा.

पांढऱ्या भागावर तपकिरी डाग पडण्याविषयी लोक सारखं विचारतात. पांढऱ्या पेशी आधीच अशक्त, त्यामुळे वेलीला काहीही झालं तरी पहिला डाग तिथेच उमटतो. नव्या पानांवर डाग येत असतील तर मुळं तपासा. फक्त कडा आणि टोकं वाळत असतील तर बहुधा क्षार साठलेत किंवा हवा फार कोरडी आहे. क्षारांसाठी दोन महिन्यांतून एकदा कुंडी नळाखाली धरून तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू आरपार जाऊ द्या. हवेसाठी पानांवर फवारा मारून फारसं साधत नाही, दहा-पंधरा मिनिटांत ते पाणी उडून जातं. तीन-चार कुंड्या जवळजवळ ठेवा आणि एसीचा झोत अंगावर येऊ देऊ नका. सगळ्यात जुन्या, खालच्या एखाद्या पानावर डाग असेल तर काही करू नका. त्याचं वय झालं आहे.

आता मला सगळ्यात प्रिय भाग: खांब. ही वेल जंगलात झाडाच्या बुंध्यावर चढते आणि चढता चढता तिची पानं मोठी होत जातात, दोन फुटांहून मोठी, कडेपासून चिरलेली. तीच वेल खाली लोंबू दिली तर पानं लहान होत जातात. लोंबती वेल सुंदर दिसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा चढवून बघा. आमच्या खांबावर तळाचं पान सात सेंटीमीटर आहे आणि डोळ्यांच्या उंचीवरचं सतरा. एकच वेल आहे यावर बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

तयार कोको-काठीला, म्हणजे काथ्या गुंडाळलेल्या काठीला, वेल बांधता येते, पण ती लगेच वाळते आणि मुळं तिच्यात शिरत नाहीत. मी प्लॅस्टिकच्या जाळीची सहा-सात सेंटीमीटर जाडीची नळी करते आणि तिच्यात भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरते. फार घट्ट नाही, दाबलं तर स्पंजसारखं परतलं पाहिजे. ही नळी कुंडी भरतानाच मधोमध बसवायची. नंतर खुपसली तर मुळं तुटतात आणि खांब डुगडुगतो. वेलीच्या प्रत्येक पेराशी एका बाजूला मुळांची टोकं असतात. ती बाजू मॉसला टेकली पाहिजे, पानांची बाजू उजेडाकडे. बांधायचं ते खोडाला, पेराच्या जरा खाली, मऊ सुतळीने आणि सैल. पानाचा देठ बांधू नका, त्याला उजेडाकडे वळायला मोकळीक हवी. मॉस ओलसर ठेवलं तर तीन-चार आठवड्यांत मुळं आत शिरतात आणि मग सुतळी काढून टाकता येते. खांबाच्या वरच्या तोंडातून सावकाश पाणी सोडायचं. ते झिरपत कुंडीत येतं, तेवढं कुंडीचं पाणी कमी करायचं. आणि खांबावरची कुंडी फिरवू नका. सगळी पानं एकदा उजेडाकडे तोंड करून बसलेली असतात, फिरवली की त्यांना सगळं पुन्हा करावं लागतं.

या कुळातल्या वेलींचं चढणं हा विलक्षण विषय आहे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॉन्स्टेराची रोपं जमिनीवरून सरपटत उजेडाकडे न जाता अंधाराकडे जातात असं दिसलं. कारण जंगलात सगळ्यात गडद काही असेल तर तो मोठ्या झाडाचा बुंधा. एकदा बुंधा सापडला की मग वर, उजेडाकडे. हे वाचल्यापासून भिंतीच्या कोपऱ्यात शिरू पाहणाऱ्या वेलींकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

छाटणीकडे येते. कपाटावरून खिडकीशी आणल्यावरही माझ्या वेलीचा शेंडा हिरवीच पानं देत राहिला. चार महिने वाट पाहून ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, त्या शेंड्यातच आता पांढरं उरलं नाही, तर देणार कुठून? मागे जा. जिथे शेवटचं चांगलं पान आहे तिथे काप." सव्वा मीटर वेल कापायला माझा हात धजत नव्हता. पण तेच खरं होतं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, आणि शेंडा वाढत असेपर्यंत तो झोपलेला असतो. शेंडा कापला की तो जागा होतो. तो कसली पानं देईल याचा अंदाज खोडावरून येतो. डोळ्याच्या आसपास खोडावर पांढऱ्या आणि हिरव्या दोन्ही रेघा असतील तर मिसळीची पानं येण्याची शक्यता चांगली. खोड तिथे नुसतं हिरवं असेल तर कोंब बहुधा हिरवाच. मी शेवटच्या शिंतोड्यांच्या पानाच्या वर एक सेंटीमीटर सोडून कापलं. बावीस दिवसांनी डोळा फुगला, आणि त्याचं पहिलं पान निम्मं पांढरं होतं.

हिरवी फांदी वेळेवर कापायला हवी, कारण तिची कमाई जास्त, वाढ जोमाची, आणि ती बघता बघता बाकीच्यांना मागे टाकते. सलग तीन पानं हिरवी आली की मी थांबत नाही.

याच्या उलट, पूर्ण पांढरी फांदी. ती दिसते अप्रतिम, आणि ती वेगळी काढून लावायचा मोह मला आवरला नाही. ताईने आधीच सांगितलं होतं, "ती वेगळी काढू नकोस. तिला खायला कोण घालणार?" पाण्यात तिला मुळं आली, साठलेल्या अन्नावर दोन लहान पानंही आली, आणि चौथ्या महिन्यात ती गेली. मला फार वाईट वाटलं. पांढरी फांदी वेलीवरच राहू द्या, हिरवी पानं तिला पोसतात. अशी तीन-चार पानं सलग आली तर तिथेही मागे, हिरवा अंश असलेल्या पेरापर्यंत छाटा.

खताबद्दल थोडक्यात. नवी पानं येत असतील त्या महिन्यांत पाण्यात विरघळणारं समतोल खत, डब्यावर लिहिल्याच्या निम्म्या प्रमाणात, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. वाढ थांबली की खत बंद. पांढरा रंग वाढवणारं खत असं काही नसतं.

किडींत सगळ्यात जास्त त्रास पिठ्या ढेकणाचा. देठाच्या बगलेत कापसासारखा पुंजका दिसतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून एकेक टिपायचा, आणि अंडी उरतात म्हणून दर सहा-सात दिवसांनी, निदान चार वेळा. पानामागे बारीक जाळं आणि वर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके असतील तर लाल कोळी. वेल नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवा. मातीवर चिलटं उडत असतील तर वरचा थर नीट वाळू द्या. काहीही लावण्याआधी एका पानावर लावून दोन दिवस बघा, पांढरा भाग लवकर भाजतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसली की धूळ जाते आणि कीडही वेळेत दिसते.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर वेल त्यांच्या पोहोचेबाहेर ठेवा. तिच्या सगळ्या भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. रसाने हाताला खाज येत असेल तर छाटताना हातमोजे घाला.

वेल खांबाच्या टोकाला पोहोचली की मी वरचा भाग कापते आणि त्याची छाटं करते. प्रत्येक छाटाला निदान एक पेर हवंच. नुसत्या पानाला पाण्यात मुळं फुटतातही, पण डोळा नसल्याने त्यातून वेल कधीच होत नाही. पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर, दर चार दिवसांनी पाणी बदलायचं, जागा उजेडाची. मुळं चार-पाच सेंटीमीटर झाली की मातीत लावायची. फार वाट पाहिली तर पाण्यातल्या मुळांना मातीची सवय व्हायला वेळ लागतो. लावल्यावर पहिले दोन आठवडे माती थोडी जास्त ओलसर ठेवा.

परवा भाचीसाठी एक फांदी काढली. पेरं ओल्या मॉसमध्ये गुंडाळली, वरून पातळ प्लॅस्टिक, पानं मोकळी. तिच्या खोलीच्या खिडकीचा फोटो आधी मागवून घेतला होता. तीन पानांपैकी मधल्या पानाच्या देठाला मी लाल दोरा बांधून दिला आहे. त्या पेरावर दोन्ही रंगांच्या रेघा आहेत. वेल हिरवी व्हायला लागली तर कापायचं ते त्या दोऱ्याच्या वर.